मतदान की मोर्चा? कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे जीवन



आपल्या शिरोळ भागात कर्मवीर भाऊराव म्हटले की डोळ्यांपुढे कुंभोजचे भाऊराव पाटील उभे राहतात. ते योग्यच आहे. शेजारच्या हातकणंगले तालुक्यातील या पुरुषाने गोरगरिबांच्या मुलांना शाळेची वाट दाखविली. परंतु आणखी एक कर्मवीर भाऊराव महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांचे नाव भाऊराव कृष्णराव गायकवाड. समाज त्यांना दादासाहेब म्हणत असे. तुमच्या घरात त्रिशरण-पंचशील नव्याने आले असेल, भिंतीवर भगवान बुद्ध आणि परमपूज्य बाबासाहेब यांच्या प्रतिमा लागल्या असतील, तर या दादासाहेबांची ओळख करून घेणे तुमच्यासाठी अगत्याचे आहे.

त्याला कारण आहे. विहारात वंदना आटोपते, वडीलधारी मंडळी उठतात आणि तरुण मुलांचा वाद सुरू होतो. एकाचे म्हणणे असते की मत देऊन आजवर आपल्या पदरात काय पडले? निवडणुकीपुरते लोक वस्तीत येतात, नंतर पाच वर्षे फिरकत नाहीत; तेव्हा रस्त्यावर उतरल्याखेरीज काही मिळणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे असते की मोर्च्याने डोक्यावर खटले बसतात, रोजगार बुडतो, शिक्षण अडते; बाबासाहेबांनी मताचा अधिकार दिला आहे तोच नीट वापरा. दोघेही बाबासाहेबांचेच नाव घेतात. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे समजण्यासाठी दादासाहेबांचे आयुष्य पाहा. हा माणूस दोन्ही वाटा चालला, दोन्ही वाटांवर ठेचाळला आणि दोन्हींचा उपयोग काय हे आपल्या कृतीने सांगून गेला.

बंद दारापुढे पाच वर्षे

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. घर महाराचे. महार वतन म्हणजे काय हे तुमच्या घरातील जुन्या माणसांना विचारा. नावाला जमिनीचा तुकडा आणि त्याच्या मोबदल्यात साऱ्या गावाची रात्रंदिवस वेठ. आपल्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली ही वतने मोडून जमिनी रयतावा करून दिल्या. नाशिककडे ते भाग्य नव्हते. तेथील महार ब्रिटिश मुलखात असूनही वतनाच्या दाव्याला बांधलेलेच राहिले. दादासाहेब याच मातीतून वर आले आणि तरुणपणीच बाबासाहेबांच्या चळवळीत दाखल झाले.

मार्च १९२० मध्ये आपल्या शेजारच्या माणगावात परिषद झाली आणि शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या रूपाने समाजाला त्याचा खरा पुढारी दाखवून दिला, हे तुम्हांला माहीत आहे. त्यानंतर दहाच वर्षांनी त्या पुढाऱ्याने नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह पुकारला. २ मार्च १९३० रोजी हजारो स्त्री-पुरुष मिरवणुकीने मंदिराकडे निघाले. दारे बंद झाली. दुसऱ्या दिवसापासून मंदिराच्या चारही दारांशी सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथाच्या दिवशी सनातन्यांनी दगडफेक केली. पुढे बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेले. मागे ही सारी लढाई प्रत्यक्ष चालविली ती दादासाहेबांनी. माणसे जमविणे, खेड्यापाड्यांतून आलेल्यांच्या भाकरीची सोय करणे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरांकडे पाहणे आणि घडलेले सर्व बाबासाहेबांना पत्राने कळविणे ही कामे त्यांच्या अंगावर होती. स्वतःलाही तुरुंगवास घडला.

सुमारे पाच वर्षे लढा चालला. दार उघडले नाही.

इथे क्षणभर थांबा. रस्त्यावर उतरलो की सारे मिळते असे मानणाऱ्या तरुणाने ही गोष्ट मनात ठेवावी. नाशिकच्या सत्याग्रहासारखा शिस्तीचा लढा क्वचितच झाला असेल, तरीही दाराची कडी निघाली नाही. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहिले. त्याचा आशय असा की अस्पृश्यांनी मूर्तीची पूजा करावी म्हणून हा सत्याग्रह नव्हताच. आपल्या लोकांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी यासाठी तो होता आणि ते काम झाले आहे. आता शक्ती राजकारणात आणि शिक्षणात लावावी. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातीलच येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. तेव्हा उपासकहो, तुम्ही आज ज्या धम्मात आहात त्या धम्माकडे जाणारी वाट त्या बंद दारापासून फुटली आहे. मोर्च्याने दार उघडले नाही, पण त्या दाराची गरज नाही हे कळण्याइतके मन मोकळे केले. मंदिरप्रवेशाचा कायदा पुढे १९४७ साली मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने केला आणि अस्पृश्यता बंद करणारे कलम १९५० साली राज्यघटनेतून आले.

सभागृहात आणि सभागृहाबाहेर

१९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे दादासाहेब नाशिकहून मुंबई विधानसभेत निवडून गेले. काल ज्याला पोलिसांनी धरले तो आज कायदा करणाऱ्यांच्या बाकावर बसला. बाबासाहेबांनी खोती आणि महार वतन यांविरुद्ध विधेयके मांडली आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. आत विधेयक, बाहेर माणसे. दादासाहेबांना मिळालेला हा मोठा धडा होता. आत माणूस नसेल तर बाहेरच्या आरोळीला कागदावर उतरविणारा कोणी नाही, आणि बाहेर माणसे नसतील तर आतल्या एकट्याचे कोणी ऐकत नाही.

अर्थात मतानेही आपल्याला दगा दिला आहे, हे लपवू नये. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत खुद्द बाबासाहेब मुंबईत पराभूत झाले. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीतही तेच घडले. राज्यघटनेच्या शिल्पकाराला त्याच घटनेने दिलेल्या मतदारांनी नाकारले. तरीही बाबासाहेबांनी मतपेटी फोडा असे कधी सांगितले नाही. बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जी हकीकत दिली आहे ती या दृष्टीने पुन्हा वाचा. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा पेटला. शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने विरोध केला, ठराव मताला पडला आणि सिद्धार्थाची बाजू अल्पमतात गेली. त्याने संघाचा निर्णय उधळून लावला नाही आणि युद्धातही भाग घेतला नाही. परिणाम सोसण्यास तो तयार झाला आणि घर सोडून गेला. कृष्णा-पंचगंगेच्या काठी राहणाऱ्या तुम्हांला पाण्याचा तंटा म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. आपल्या शास्त्याची कथा मतात हरलेल्या माणसाच्या निश्चयापासून सुरू होते. भिक्खू संघातही शलाका वाटून मते घेण्याची रीत होती. म्हणून मत ही इंग्रजांकडून उसनी आणलेली वस्तू आहे असे समजू नका. ती आपल्या घरातली आहे.

ज्या नाशिकने दार लावले, त्याच नाशिकने

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मक्रांती झाली आणि दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. समाज पोरका झाला. पाठोपाठ १९५७ ची निवडणूक आली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील होते. संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर उतरले होते, गोळीबारात माणसे पडली होती. तो संताप मतपेटीत उतरला. कोल्हापूर मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाच्या भाऊसाहेब महागावकरांबरोबर फेडरेशनचे एस. के. दिगे लोकसभेत गेले. आपल्या सीमेपलीकडच्या चिकोडीतून डी. ए. कट्टी गेले. आणि नाशिकमधून दादासाहेब गायकवाड गेले.

सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या शहराने या माणसाला मंदिराच्या पायरीवर अडविले, त्याच नाशिकने त्याला देशाच्या लोकसभेत पाठविले. ही मते एकट्या आपल्या वस्त्यांची नव्हती. शेतकऱ्यांनी, कामगारांनी, ज्यांच्या वाडवडिलांनी कधी आपला स्पर्श चालू दिला नव्हता अशांनीही ती दिली. सत्याग्रहाला जे पाच वर्षांत जमले नाही ते त्या एका दिवसाने केले. पण १९३० सालच्या त्या पाच वर्षांवाचून नाशिकला हा माणूस तरी कुठे माहीत झाला असता? वतनाचा जुना फासही याच काळात तुटला. हलकी ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला आणि पुढल्या वर्षी अमलात आला. यासाठी दादासाहेब वर्षानुवर्षे झगडले होते.

खासदार तुरुंगाच्या वाटेवर

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दादासाहेब त्याच्या पहिल्या फळीतले पुढारी. खासदारकी मिळाल्यावर पुष्कळांचे पाय जमिनीवरून सुटतात. दादासाहेबांचे लक्ष मात्र जमिनीवरच राहिले, म्हणजे ज्यांना जमीन नाही त्यांच्यावर. धर्म बदलला, वेठ सुटली, मेलेली ढोरे ओढणे बंद झाले, पण हाताला दुसऱ्याच्या शेतातील मजुरीखेरीज काम नाही. ज्याच्या शेतात सकाळी जायचे त्याच्याविरुद्ध संध्याकाळी बोलायचे कसे? पोट परक्याच्या हाती असेल तर मतही परक्याच्या हाती जाते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १९५९ साली त्यांनी पडीक सरकारी जमिनींसाठी भूमिहीनांचा सत्याग्रह चालविला.

१९६२ ते १९६८ ते राज्यसभेचे सदस्य होते. संसदेत बोलून होत नाही असे दिसल्यावर १ ऑक्टोबर १९६४ रोजी पक्षाने मागण्यांचे निवेदन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दिले. त्या मागण्या नीट पाहा. कसणाऱ्याला जमीन द्या. पडीक जमीन भूमिहीनांना द्या. धान्याचे भाव आवरा. झोपडपट्ट्यांची स्थिती सुधारा. किमान वेतनाचा १९४८ चा कायदा अमलात आणा. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा खरोखर चालवा. नोकऱ्यांतील राखीव जागा भरा. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या. बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लावा.

६ डिसेंबर १९६४ रोजी देशभर सत्याग्रह सुरू झाला. पुढील सुमारे दोन महिन्यांत तीन लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेले. शांताबाई दाणी यांच्यासारख्या कार्यकर्त्या स्त्रिया त्यात होत्या. कडेवर मूल घेऊन आयाबाया गेल्या. सरकारने बऱ्याच मागण्या मान्य केल्याचे सांगितले आणि १९६५ च्या आरंभी सत्याग्रह थांबला.

येथे कोणी विचारील की बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सत्याग्रहाचा मार्ग सोडा असे सांगितले नव्हते काय? सांगितले होते. सनदशीर मार्ग मोकळे झाल्यावर कायदेभंग आणि असहकार यांना जागा उरत नाही, त्यांतून अराजक येते, असा त्यांचा इशारा होता. तो हलका मानू नका. पण त्यांच्या हयातीतच, १९५३ साली, मराठवाड्यात फेडरेशनच्या लोकांनी पडीक जमिनींसाठी सत्याग्रह केला होता हेही ध्यानात घ्या. दादासाहेबांच्या मागण्यांतल्या कितीतरी मागण्या म्हणजे सरकारने स्वतःच केलेले कायदे पाळावेत एवढीच होती. त्यांनी राज्यघटना मोडण्यासाठी माणसे रस्त्यावर आणली नाहीत. कागदावर असलेली घटना गावात यावी म्हणून आणली. कोणाचे डोके फोडले नाही, कोणाचे घर जाळले नाही. स्वतः तुरुंगात गेले. मोर्चा आपला आहे की नाही हे पाहण्याची ही कसोटी आहे. मागणी न्यायाची असावी, वागणे शीलाचे असावे आणि सोसणे स्वतःचे असावे.

मागणी रस्त्यावर, कायदा संसदेत

आता ज्या मागणीशी तुमच्या घराचा थेट संबंध आहे तिचे काय झाले ते सांगतो. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आत होती. १९६१ च्या जनगणनेत ती जवळजवळ २८ लाख झाली. एवढ्या लोकांनी आपला धर्म निर्भयपणे बौद्ध लिहिला. त्याची किंमत त्यांनी मोजली. महाराष्ट्र सरकारने १९६० साली नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या यादीत बौद्ध नव्हते. केंद्राची नोकरी आणि राखीव मतदारसंघ दोन्ही बंद. कित्येकांना घरात बुद्धवंदना आणि कागदावर हिंदू असे दुहेरी जिणे जगावे लागले.

१९६४ साली तीन लाख लोक तुरुंगात गेले तरी हा प्रश्न सुटला नाही. तो सुटला १९९० साली, संसदेने कायदा दुरुस्त करून बौद्धांचा समावेश केला तेव्हा. बाबासाहेबांचे तैलचित्रही त्याच वर्षी मध्यवर्ती सभागृहात लागले. दादासाहेब २९ डिसेंबर १९७१ रोजीच निवर्तले होते. म्हणजे मागणी रस्त्याने जिवंत ठेवली आणि ती लिहून दिली मतांनी निवडलेल्या संसदेने. मध्ये पंचवीस वर्षे गेली. या पंचवीस वर्षांत मागणी विसरू न देणारे लोक नसते तर ती मेली असती.

म्हणून ज्या घरांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे त्यांना सांगणे आहे की भीतीपोटी धर्माच्या रकान्यात खोटे लिहू नका. बौद्ध लिहिल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. फक्त आपल्या वाडवडिलांच्या जातीचे जुने दाखले जपून ठेवा. जमिनीच्या मागणीचाही अंश उरला आहे. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची योजना महाराष्ट्र सरकारने २००४ साली काढली आणि तिला नाव दिले ते कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे.

त्यांच्या चुकांतूनही शिकावे

दादासाहेबांचा गौरव करताना त्यांच्या उत्तरायुष्यातील कडू भाग गाळणे बरे नव्हे. रिपब्लिकन पक्षात फूट पडली आणि तिच्या एका बाजूला ते स्वतः होते. १९६७ च्या सुमारास त्यांनी काँग्रेसशी समझोता केला. सत्तेजवळ गेल्याने गरिबांची कामे होतील असा त्यांचा हिशेब असावा. पण ज्यांनी त्यांच्याबरोबर तुरुंग पाहिला त्यांपैकी अनेकांना ते रुचले नाही. पुढे फुटीतून फुटी निघाल्या आणि आपली मते तुकड्या-तुकड्यांनी विकली जाऊ लागली. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, परंतु पक्ष एकसंध राहिला नाही. मत हे साधन आहे. खुर्ची हेच साध्य झाले की मतही जाते आणि मोर्चाही जातो.

आपल्या गावी आल्यावर

वाचकहो, तुमच्या तालुक्यात या दोन वाटा नव्या नाहीत. निमशिरगावचे रत्नाप्पा कुंभार भूमिगत राहून इंग्रजांशी आणि संस्थानी कारभाराशी लढले आणि पुढे त्याच हाताने भारताच्या राज्यघटनेवर सही केली. ऊसदरासाठी जयसिंगपूरला भरणाऱ्या परिषदा आणि अडविलेले रस्ते तुम्ही पाहिले आहेत. त्या रस्त्यावरून पुढे विधानसभेत आणि लोकसभेत गेलेली माणसेही पाहिली आहेत. त्यांना जे कळले ते आपल्याला कळू नये काय?

तेव्हा विहारातल्या त्या दोन तरुणांना सांगा की भांडण मतदान आणि मोर्चा यांच्यात नाही. मत म्हणजे कुळाचा कागद आणि मोर्चा म्हणजे नांगर. कागद नसेल तर नांगरलेली जमीन दुसरा घेऊन जाईल, आणि नांगर चालविला नाही तर कागदाला पीक येत नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींची नावे, विशेषतः सुनांची नावे, यादीत घाला. दारूच्या बाटलीवर किंवा नोटेवर मत देणे म्हणजे पंचशील मोडणे हे घरात स्पष्ट बोला. गावात ग्रामसभा भरते तिला स्त्रियांनी आणि पुरुषांनी जावे, गायरानाचा आणि स्मशानभूमीचा प्रश्न तेथे लेखी नोंदवावा. ऐकले नाही तर अर्ज द्या. अर्जाने झाले नाही तर शांतपणे, एकत्र, घोषणेत शिवी न आणता तहसील कचेरीपुढे बसा. आणि पुढच्या मतदानापर्यंत ते विसरू नका.

नाशिकच्या त्या दारापुढे बसलेल्या १२५ पुरुषांना आणि २५ स्त्रियांना आपल्यातलाच एकजण सत्तावीस वर्षांनी लोकसभेत जाईल हे ठाऊक नव्हते. तरीही ते बसले. तुमच्याजवळ आज मत आहे, धम्म आहे आणि त्यांचा दाखला आहे.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम.